सातबारा माझा, वहिवाट हरणांची

चहा घ्या आधी, कारण तक्रार लांबलचक आहे आणि आजवर ती कोणी पुरती ऐकून घेतलेली नाही. हरणांनी पीक खाल्लं तर त्यासाठी अर्ज आहे, पंचनामा आहे, भरपाई आहे. पण माणूस दचकतो त्याचं काय? कर्जत-करमाळा पट्ट्यात रब्बी करणाऱ्या कुणालाही गाठा. पीक किती गेलं हे त्याला सतरा जणांनी विचारलेलं असतं. स्वतःच्याच रानात कितीदा काळजाचं पाणी झालं, हे एकानंही नाही.

शेतीपंपाची लाईट आमच्याकडे पाळीनं येते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की थंडीत दारं धरायला जावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं, पाय घोट्यापर्यंत गारठलेल्या चिखलात. वाफा भरला म्हणून दार मोडायला वाकावं, तर समोर दहा हातांवर डोळ्यांच्या जोड्या लकाकतात. आता आमच्या भागात बिबट्या आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या क्षणी डोक्यात हरीण येतच नाही. मग एकदम खुरांचा धडधडाट होतो, अख्खा कळप ओल्या वाफ्यांतून उधळतो, वरंबा फुटतो आणि माझ्या वाटणीचं पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत जातं. शेजारी सकाळी म्हणतो, ‘रात्री बरं भिजलं की आमचं रान.’ हे पाणी कोणत्या नुकसानीत धरायचं, याचा खुलासा मला अजून मिळालेला नाही.

दिवसा बरं असेल म्हणाल, तर तेही नाही. काळविटाची मादी पिल्लू उभ्या पिकात दडवते आणि स्वतः लांब चरायला जाते. पिल्लू हूं की चूं करत नाही, कानसुद्धा हलवत नाही. ज्वारी खुरपताना खुरपं टेकवणार, तोच पुढ्यातलं ढेकूळ डोळे उघडतं. ओलं नाकाड, मिटून घेतलेले पाय, पाठीवर चिकटलेलं ज्वारीचं पातं. बाया ‘अगं बाई’ करून मागं सरतात आणि काम तिथंच थांबतं. पिल्लाला हात लावायचा नाही, कारण आई परत येणार असते. तेवढा तुकडा सोडून पुढं जावं लागतं, तिथलं तण तसंच माजतं, मजुरी मात्र पूर्ण. पिल्लू राहू द्यावं याला माझी हरकत नाही, ते राहिलंच पाहिजे. हरकत एवढीच, की जागा निश्चित करताना मला विचारात घेतलेलं नव्हतं.

हरभऱ्याचं प्रकरण तर आणखी गंभीर. शेंडे खुडले की फुटवे वाढतात आणि घाटे जास्त लागतात, हे कृषी खातंही सांगतं आणि आमची आजीही सांगायची. हरणंही शेंडेच खुडतात. पण खुडणी फुलं लागण्याआधी थांबवायची असते, आणि हे वेळापत्रक त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. शिवाय हरभऱ्याला आंब असते. आमच्या बोटांना ती झोंबते, धोतराचा सोगा खाते. हरणांच्या जिभेचं तिनं काहीही वाकडं केल्याचं दिसत नाही.

आणि तो काळा नर. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, दीड-दोन फुटांची पिळाची शिंगं. देखणा आहे, नाही कोण म्हणतो? पण आपली हद्द दाखवायला तो पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, आणि ती जागा माझ्या गटाच्या मधोमध आहे. मी रीतसर फी भरून मोजणी आणली, खुणेचे दगड रोवले, लगतच्या खातेदारांच्या सह्या घेतल्या. त्यानं नुसता ढीग घातला. तरी मी पांभर घेऊन तिथं पोचलो की मान ताठ करून तो माझ्याकडे असा बघतो, की अतिक्रमण मीच केलेलं आहे.

शासनानं त्यांची सोय केलेली नाही असंही नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला 1980 सालापासून काळविटांसाठी स्वतंत्र अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरच्या थोडं वर. त्याची हद्द आम्ही पाळतो. हद्द दोन्ही बाजूंनी पाळायची असते, हे त्यांना कोणी सांगायचं?

उपाय करून झाले. बांधाभोवती जुन्या साड्या बांधल्या; त्यांत सासूबाईंची एक जरीची गेली, तो विषय घरात अजून मिटलेला नाही. कॅसेटच्या फिती ताणल्या, बुजगावणं उभं केलं. त्या बुजगावण्याला अंधारात मीच दोनदा राम राम घातला. दगड मारणार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कायदा नसता तरी मारला नसता.

नुकसान झाल्यावर तीन दिवसांत कळवायचं असतं. मी कळवलं. पंचनाम्याला साहेब आले, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र, सगळं लिहून घेतलं. रात्री दचकल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. तसा रकानाच नव्हता. शेरा म्हणून तरी लिहा म्हटलं, तर पेन खिशाला लावून ते गाडीकडे निघाले.

म्हणून मागणी आता थेट हरणांकडेच करतो आहे. नराला आवाज काढता येतो. माजावर आला की माद्यांमागे घुरघुरत फिरताना मी त्याला स्वतः ऐकलेलं आहे. तोच आवाज त्यानं बांध ओलांडताना एकदा काढावा. पुढं हरभरा खायचा की नाही, ते नंतर बघू.