बनी तो बनी

मानवतला शेजारच्या आबांच्या गोठ्यात एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. एमएच-२२ची पाटी कडब्याआड. इंजिन शेवटचं कधी घुरघुरलं, ते म्हशीलाच ठाऊक. भंगारवाल्यानं किलोचा भाव काढला तसे आबा भडकले, "कुर्ल्याचा माल हाय, अँटिक!" २०२१च्या सरकारी नियमानुसार विंटेज म्हणवून घ्यायला गाडीचं वय ५० लागतं, हिची अजून पंधरा-वीस वर्षं बाकी. शिवाय विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ही अट मात्र आबा आत्तापासूनच कसोशीनं पाळतात. किंमत दर दिवाळीला वाढते, अर्थात आबांच्याच तोंडी. सध्या अडीच लाखांवर आहे. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. रोकड उत्पन्न तेवढंच.