आवाज येतोय ना?

तासाचं व्याख्यान कॅमेऱ्यापुढे जसंच्या तसं ओतलं की ऑनलाइन अभ्यासक्रम तयार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पहिली चार मिनिटं ‘आवाज येतोय ना?’ विचारण्यात जातात, रेकॉर्डिंगमध्येसुद्धा! 2014 साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की व्हिडिओ कितीही लांबवा, निम्मे प्रेक्षक सहा मिनिटांच्या आतच पसार होतात. आपल्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचाच्या आराखड्यातही व्हिडिओ हा चारांतला एकच भाग, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन हे उरलेले तीन. पण चर्चेच्या चौकटीत बहुधा ‘थँक्यू सर’ एवढंच वाङ्मय साठतं.

कुणी म्हणेल, 1875 साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला लोक तासभर बसून ऐकतातच की! ऐकतात, पण तिथे पहिल्या रांगेतल्या आजोबांची मान छातीवर टेकली की वक्ता लगेच किस्सा काढतो. कॅमेऱ्याला जांभई येत नाही, ही खरी पंचाईत. प्राध्यापकांना वेळ नसतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. सहा मिनिटांत एक संकल्पना बसवायची तर दोन दिवस खपावं लागतं, आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही.