चिरंजीव गाजराचं घर सोडून गेले!

ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा ब्ल्यूबेरी आणल्या. प्लॅस्टिकच्या डबीत मूठभर फळं, आणि किंमत अशी की लिफ्टमध्येच माझा बीपी वाढला. "अँटीऑक्सिडंट्स असतात हो यात," हे सांगताना आवाज इतका खाली, की मला वाटलं डबीत सोन्याची नाणीच आहेत. आणि फाटकाशी जांभळंवाली बसलेली! टपोरी, काळीभोर जांभळं, बाजूला मिठाची पुडी. पण वहिनी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. का, तर जीभ जांभळी होते. अहो, जिभेला लागतो तो रंगच तर अँथोसायनिन! ब्ल्यूबेरीचा निळा रंगही त्याच खानदानातला. कोकमाच्या आगळाचा लालही तोच. पण आगळाच्या बाटलीला कुठे परदेशी आडनाव आहे!

हळदीची तर वेगळीच तऱ्हा. लहानपणी नाक दाबून पाजलेलं दूध आता कॅफेत 'टर्मरिक लाटे' म्हणून मिळतं आणि मंडळी पिण्याआधी त्याचा फोटो काढतात. 1995मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावायचं पेटंट मिळालं, तेव्हा केवढे खवळलो होतो आपण! डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन परिषदेने, भांडून ते 1997मध्ये रद्द करायला लावलं. आणि आता आपणच खुशीने बिल भरतोय. बरं, त्या पेल्यात मिरी तरी घालता का? नुसत्या हळदीतलं करक्युमिन आतड्यातून फारसं पुढे सरकतच नाही. मिरीतल्या पायपरिनची सोबत मिळाली की मग त्याचं काही खरं. आमच्या आजीने मिरपूड टाकली होती ती घशासाठी, पण टाकली होती!

पण खरी भानगड पुढेच आहे. जरा जवळ या.

बीटा कॅरोटीन माहितीये ना? गाजर, लाल भोपळा, पालक अशा भरल्या घरांत नांदणारे, सगळ्या गावात गुणी म्हणून नावाजलेले चिरंजीव. त्यांना घरातून काढून गोळीत बसवलं आणि फिनलंडमध्ये विडीकाडी ओढणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षं दिलं. 29 हजारांवर माणसं होती. 1994मध्ये निकाल लागला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त! शी शी शी! अमेरिकेतली तशीच एक चाचणी 1996मध्ये मुदतीआधीच बंद करावी लागली. भाजीत होते तोवर एका शब्दाची तक्रार नाही हो.

त्यात त्या गुणपत्रिका! कुठल्या फळाला किती अँटीऑक्सिडंट गुण, याची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने लावली होती. ती 2012मध्ये त्यांनीच उतरवली. परीक्षानळीत मिळालेले गुण पोटात गेल्यावर टिकतातच असं नाही, आणि कंपन्या मात्र ते आकडे डब्यांवर छापत सुटल्या होत्या. वहिनींच्या पावडरीच्या डब्यावर अजून आकडा आहे. मी वाचलाय. चष्मा लावून.

टोमॅटोबद्दल तर त्यांच्या सासूबाईच फणकारल्या. सून कच्च्या चकत्या खाते आणि सासूबाईंच्या तेलातल्या चटणीला नाकं मुरडते. इथे मी सासूबाईंच्या बाजूची. टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर, तेलाच्या संगतीत, जास्त अंगी लागतं.

आणि ताजी बातमी तर राहिलीच! मागच्या विंगेतल्या सूनबाईंनी शेवग्याच्या पाल्याची पावडर ऑनलाइन मागवली. कुरियरवाला आला तो शेवग्याच्याच तोडलेल्या फांद्या ओलांडत, कारण सोसायटीने त्याच सकाळी झाड छाटून पाला कचऱ्याच्या गाडीत भरला होता. पाकिटावरचा भाव ग्रुपवर फिरला आणि आता दोन्ही विंगा म्हणतायत, झाड आमच्या हद्दीत. रविवारी अकराला मीटिंग आहे. चहा नाही, ग्रीन टी ठेवलाय म्हणे.