तंबी

दहावीच्या सुट्टीत बाबांनी मला तंजावरच्या मोठ्या देवळाजवळ चपलांच्या स्टँडवर कामाला लावलं. आजी हादरली. "आपले पूर्वज सरफोजीराजांच्या दफ्तरात मोडी लिहायचे, आणि हा लोकांच्या चपला उचलणार?" पूर्वजांनी नेमकं काय लिहिलं, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मोडी वाचणार कोण?

स्टँडचे मालक अण्णा मला 'तंबी' म्हणत. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मराठीत काय, ते तुम्हाला माहीत आहे. अण्णा दोन्ही एका दमात देत.

बिल्ला द्या, चप्पल घ्या. यात डोकं कुठे लागतं, असं मला वाटे. अण्णा नुसत्या टाचेची झीज बघून, बिल्ला हरवणारं गिऱ्हाईक ओळखत. मला ते ज्योतिष वाटे.

चौथ्या दिवशी साताऱ्याची बस आली. "या पोराच्या भरवशावर कोल्हापुरी ठेवायची म्हणजे..." एक काकू पुटपुटल्या. मी आमच्या तमिळ सुरातल्या मराठीत म्हणालो, "ठेवा काकू, मी मराठीच आहे." झालं! तीस माणसांनी मला मिठ्याच मारल्या. देवळातला, सरफोजीराजांच्या भोसले वंशाचा तो 1803 सालचा शिलालेख दाखवच, म्हणाले. राजांचं बोलावणं आलेलं. मी स्टँड सोडून निघालो.

मे महिन्यातली तापलेली फरशी, अनवाणी तीस सातारकर, पुढे उड्या मारत मी. एका भिंतीशी थांबून म्हणालो, "हाच तो!" मला घरी बोलण्यापुरतीच मराठी येत होती, देवनागरी नव्हे. समोरचं अक्षर वाचता येईना, म्हणजे मराठीच असणार, असा माझा हिशेब. काकूंनी चष्मा लावला. "बाळा, हे तमिळ आहे रे."

होतं. राजराज चोळाच्या काळचं, हजार वर्षांपूर्वीचं. पुढे कळलं, की त्याने देवळातल्या नोकरांची नावं, कामं आणि प्रत्येकाला मिळणारं भात दगडावर कोरून ठेवलंय. नर्तकीच चारशे, शिवाय न्हावी, परीट, कुंभार, शिंपी. कामाला कमी लेखणारा मी, नेमका त्या देवळात भोसले शोधत होतो!

परतलो तर स्टँडवर जत्रा. लोकांनी आपापल्या चपला स्वतःच निवडल्या होत्या, काहींनी आपल्यापेक्षा बऱ्या. काकूंच्या वाट्याला दोन डावे पाय उरले.

आज कचेरीत मी जेवायलासुद्धा खुर्ची सोडत नाही. साहेब त्याला निष्ठा म्हणतात.

त्या संध्याकाळी अण्णांनी वही काढली. माझं नाव, काम आणि कापलेले पैसे तमिळमध्ये लिहिले. ते मात्र मला न अडखळता वाचता आलं.