बंद टीव्ही बघण्याची कला

टीव्ही चालू असताना काय बघायचं, हा प्रश्न घरोघरी केव्हाच सुटलाय. रिमोट ज्याच्या हातात, त्याचं उत्तर बरोबर. टीव्ही बंद असताना काय बघायचं, एवढंच राहिलं होतं. ते काम सॅमसंगने 2017 साली हाती घेतलं आणि 'द फ्रेम' नावाचा टीव्ही काढला. 2019 साली तो भारतात आला. कंधारला आमच्या दाजींच्या नव्या बांधकामापर्यंत त्याची कीर्ती पोचायला मात्र गेली दिवाळी उजाडली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा टीव्ही बंद केला की काळा पडत नाही, चित्र होऊन बसतो. कडेला लाकडी दिसणारी चौकट, तीही हव्या त्या रंगाची वेगळे पैसे मोजून घ्यायची. भिंतीला असा चिकटतो की मागे पाल शिरायची नाही. वायरींचा गुंता दूर कुठेतरी कपाटातल्या पेटीत. 2022 पासून पडद्याची चकाकीही काढली, म्हणजे समोरची ट्यूबलाइट मोनालिसाच्या कपाळावर उमटत नाही. होय, मोनालिसाच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाशी बोलणी करून तीही टीव्हीत आणली. सगळी चित्रं हवी असतील तर दरमहा वर्गणी. खोलीत कुणी नसलं की चित्र झोपतं, कुणी आलं की जागं होतं. आता टीसीएल, हायसेन्सही या धंद्यात उतरलेत.

भाचा हिंजवडीला असतो. त्याचं म्हणणं असं की, "मामा, एवढं पीओपी केलं, वॉलपेपर लावला, आणि मधोमध काळा चौकोन? सगळा लूक जातो." भाचेसुनेने मान डोलावली. दाजी अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"म्हंजे टीव्ही दिसू नये म्हणून लाख रुपये?"

"लाख नाही पप्पा, डिस्काउंट आहे."

"दिसायचाच नसंल तर घेऊच नका की. फुकटात काम होतंय."

दाजींच्या बोलण्यात एका पिढीची हयात होती. टीव्ही आपल्याकडे आहे हे गावाला दिसावं म्हणून या माणसांनी काय काय केलं! अँटेना शेजाऱ्याच्या अँटेनापेक्षा दोन हात उंच लावला. कावळा बसून तो फिरला तर पोराला माळवदावर चढवून खालून "आलं, आलं, गेलं" असा पुकारा केला, आणि तोही गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. 1982 च्या एशियाडच्या वेळी रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. 1987 च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा टीव्हीला हार घालून उदबत्ती ओवाळणारी घरं होती.

झाकायची रीतही तेव्हा होतीच. काही टीव्हींच्या लाकडी पेटीला सरकतं शटर असे, शटरला कुलूप असे, आणि किल्ली घरातल्या थोरल्याच्या जानव्याला किंवा करगोट्याला. वरून क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. पण ते झाकणं पाहुण्याने विचारावं यासाठी होतं. झाकलेल्या वस्तूने वस्तू नसल्याचं सोंग घ्यावं, हे नवीन.

शेवटी सगळे मिळून नांदेडला गेलो. दुकानात दोन्ही माल शेजारी शेजारी लावलेले. डावीकडे 55 इंची कलावंत, उजवीकडे जवळपास त्याच पैशात येणारा 75 इंची साधा. माळेगावच्या यात्रेत घोडा पारखावा तसे दाजी दोघांच्या भोवती फिरले. पाठ पाहिली, कड दाबली, किती युनिट खातो ते विचारलं.

टीव्हीचा इंच म्हणजे एक गंमत आहे. तो कर्णाने मोजतात. प्लॉट विकणाऱ्यांना ही युक्ती अजून सुचली नाही हे आपलं नशीब. 55 आणि 75 मध्ये ऐकायला वीस इंचांचा फरक, पण पडद्याचं क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ दुप्पट. 75 इंचीची रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास, म्हणजे दाजी त्यावर आडवे झोपले तर पाय बाहेर येणार नाहीत. हा हिशोब दाजींना दुकानदाराच्या आधी जमला, कारण हयातभर त्यांनी गुंठे मोजलेत.

विक्रेत्या पोराने कलावंतावर मोनालिसा लावली. मूळ चित्र उभं, 77 सेंटिमीटर उंच. टीव्ही आडवा आणि त्याच्या पडद्याची उंचीच 70 च्या आत. त्यामुळे बाई मध्ये आक्रसून बसलेल्या आणि दोन्ही अंगांना कोरी पट्टी. दाजींनी बराच वेळ पाहिलं.

"ही कोण?"

"मोनालिसा, साहेब. वर्ल्ड फेमस."

"मग अर्ध्यापेक्षा जास्त जागा मोकळी का सोडली? तिचेपण पैसे लागतेत का?"

पोराकडे उत्तर नव्हतं. सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपुढच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला, हे मात्र त्याने तीनदा सांगितलं. त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यात सोयाबीन पाण्यात उभं होतं. टीव्ही स्वस्त झाला ही वार्ता लोकांनी गुडघाभर चिखलात ऐकली, पण टायमिंगचा दोष टीव्हीवाल्यांचा नव्हे.

चहा पिताना खरी बैठक बसली: चित्र कुठलं लावायचं? अक्काने तुळजाभवानीचं नाव घेतलं. सगळ्यांना पटलं. मग तिचाच चेहरा उतरला. "म्हंजे सिरियल लावायच्या टायमाला आईला रिमोटनं बंद करायचं?" विषय तिथेच मिटला. भाचा म्हणाला, आपला स्वतःचा फोटोही टाकता येतो. दाजी म्हणाले, मग आबांचा टाकू. एवढा मोठा फोटो तालुक्यात कुणाच्या बापाचा नसंल. यावर अक्का उठून उभी राहिली.

कारण पुण्याच्या फ्लॅटवर भाच्याने याच जातीचा टीव्ही आधीच घेतलेला आहे (कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, त्या बिचाऱ्यांनी काम चोख केलं), आणि वास्तुशांतीच्या दिवशी आजोबांचा मान म्हणून त्यावर आबांचाच फोटो होता. रात्री सगळे झोपले, तसे आबाही झोपले. दोनच्या सुमाराला अक्का पाणी प्यायला उठली. अंधाऱ्या हॉलमध्ये तिने पाऊल टाकलं मात्र, आबा फेट्यासह भिंतीवर उजळले. हयात असताना आबा सुनेला रात्री दोन वाजता असेच विचारायचे, "कोन हाय तिकडं?" अक्काच्या हातातला तांब्या पडला, तिने पदर डोक्यावर घेतला आणि तशीच मागे सरकली. ती हॉलबाहेर गेल्यावर आबा पुन्हा झोपी गेले. पाणी तिने सकाळी प्यायलं.

मग मी तोंड घातलं. म्हटलं, कलाच हवी तर आपल्या गावची लावा. कंधार ही काय साधी जागा आहे? राष्ट्रकूटांच्या राजधानीचा मान सांगणारं गाव, कृष्ण तिसऱ्याचं नाव घेणारं, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला असणारं. मानसपुरीच्या शिवारात त्या काळच्या एका महाकाय मूर्तीचे अवशेष निघाले. सगळी मूर्ती उभी असती तर 75 इंचात तिचा एक पायही मावला नसता. त्याचा फोटो लावा!

सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. दाजी म्हणाले, "तू कधी बघून आलास?" मी चहा घेतला. जवळचं दगडात आहे तोवर आपल्याला ते बघायला सवड नसते, आणि पॅरिसचं वर्गणी भरून घरात येतं. यात पॅरिसवाल्यांचं काही चुकत नाही, त्यांनी तिकीट लावलं आणि आपण मानसपुरीला पाटी धड लावली नाही.

निकाल शेवटी कलेवर लागला नाही, वेळापत्रकावर लागला. हा टीव्ही कला दाखवतो कधी? बंद असताना. दाजींकडे टीव्ही बंद असतो कधी? पहाटे प्रवचन, मग बातम्या, दुपारी आदल्या रात्रीच्या मालिका, नातवंडं आली की कार्टून, सात ते साडेदहा अक्का, साडेदहानंतर दाजींचे खून आणि दरोडे. ते बघत दाजी सोफ्यावर घोरतात. कुणी बंद करायला गेलं की डोळे न उघडता म्हणतात, "बघायलोय मी." म्हणजे त्या घरात टीव्ही बंद असतो तो फक्त लाईट गेल्यावर. आणि लाईट गेली की मोनालिसाही गेली!

"इन्व्हर्टर आहे ना," भाचा म्हणाला.

"इन्व्हर्टरवर दोन पंखे आन् तीन बल्ब हायत. कोन्ता पंखा बंद करून बाई लावायची ते सांग."

राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईला छापखाना टाकला आणि लक्ष्मी-सरस्वती काचेच्या चौकटीत घालून गरिबाच्या भिंतीवर टांगली. त्या लक्ष्मीला प्लग नव्हता, भारनियमनात ती दिव्याच्या उजेडात आणखी बरी दिसायची. आणि दर महिन्याला नवं चित्र म्हणाल, तर खताच्या दुकानाचं बारा पानी कॅलेंडर ते काम वर्गणीशिवाय करतंय. वर एकादशी आणि पंचकही कळतं.

75 इंची आला. बसवायला आलेल्या पोराला वॉलपेपर फाडून नवी भोकं पाडावी लागली, भाचा तेवढा वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिला. भाचेसून मात्र हुशार. तिने मोबाइलवरून शोधून एका फुकटच्या चॅनेलवरचा आठ तासांचा व्हिडिओ लावला, त्यात जगातली थोर थोर चित्रं एकामागून एक येतात. मोनालिसा आली. साडेपाच फुटांच्या पडद्यावर आता ती पुरेशी मोठी दिसत होती. दाजी, अक्का, मी, सगळे गप्प बसून बघत होतो. पाच मिनिटं झाली, बाई हलेनात. आणि मग एकदम गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली, एक म्हातारा जिना उतरत उड्या मारायला लागला.

दाजी सावरून बसले. "हां, आता कायतरी लागलं. आवाज वाढव."