नानांची हरकत आहे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, 'वधू पाहिजे' आणि 'नावात बदल' यांच्या मधल्या कोनाड्यात, मुंगीच्या अक्षरात कधीतरी एक मजकूर येतो. 'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की' अशी त्याची सुरुवात असते आणि 'हरकती व सूचना विहित मुदतीत सादर कराव्यात' असा शेवट. हा मजकूर अख्ख्या पुण्यात तीन माणसं वाचतात. एक तो टाइप करणारा, दुसरा जाहिरातीचं बिल पास करणारा आणि तिसरे नाना. पैकी अर्थ लावून वाचतात ते फक्त नाना.

नाना म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. सदाशिवात त्यांना नाना म्हणतात, कोथरूडला आप्पा, औंधात कर्नलसाहेब, आणि सहकारनगरात त्या निवृत्त उपप्राचार्या ताई असतात. आपण सोयीसाठी नानाच म्हणू. वय सत्तरीच्या पुढे. मुलगी अमेरिकेत, मुलगा बाणेरला, म्हणजे भेटीगाठींच्या हिशेबात दोघंही परदेशीच. गुडघे कुरकुरतात, पण स्मरणशक्ती ठणठणीत. शहरात नवी मार्गिका, नवा पूल, नवा रूळ असं काही येणार अशी नुसती कुजबुज झाली की नाना खुंटीवरची कापडी पिशवी उतरवतात.

त्या पिशवीत एक भिंग, एक लोखंडी टेप, माहिती अधिकाराच्या अर्जासाठी दहा-दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, कार्बन पेपर आणि पोचपावत्यांची फाइल असते. कार्बन पेपर एवढ्यासाठी, की झेरॉक्सवाल्यावर त्यांचा विश्वास नाही. सगळा जीव त्या फाइलीत. पत्राला उत्तर आलं नाही तर त्यांचं काही बिघडत नाही. उलट उत्तर आलं की थोडे खट्टू होतात, कारण मग विषय संपतो. पण आपल्या प्रतीवर आवक विभागाचा जांभळा शिक्का उमटला पाहिजे. शिक्का फिका उमटला तर ते कारकुनाला शाईची गादी ओली करायला लावून पुन्हा मारून घेतात.

लोक म्हणतात, नाना प्रत्येक योजनेला विरोध करतात. हा त्यांच्यावर शुद्ध अन्याय आहे. नानांचं योजनांवर मनापासून प्रेम आहे. फक्त ते नेहमी एक योजना मागे असतं.

२००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली. देशातला तो पहिला प्रयोग. नाना तेव्हा नुकतेच निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, म्हणजे ऐन उमेदीत. "बसला वेगळी वाट कशाला? तिला काय सोवळं आहे?" असा त्यांचा सवाल होता. पुण्याला हवी होती ती दिल्लीसारखी मेट्रो. पुढे दिल्ली मेट्रोच्याच मंडळींनी पुण्यासाठी अहवाल केला आणि कर्वे रस्त्यावर खांब उभे राहणार असं दिसू लागलं. त्याबरोबर नानांना साक्षात्कार झाला की बीआरटीसारखी स्वस्त, सुटसुटीत, गुणी व्यवस्था जगात दुसरी नाही. "आहे ती नीट चालवा ना! हे आकाशातले चोचले कशाला?" नेलीच तर भुयारातून न्या, ही त्यांची पुरवणी मागणी. शिवाजीनगर ते स्वारगेट भुयारी मार्ग ठरला तेव्हा नाना कात्रजच्या नळाचे नकाशे घेऊन हजर. "पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. तो नळ, ते उच्छ्वास, त्या हौदांना धक्का लागला तर जबाबदार कोण? वरून न्यायला काय झालं होतं?"

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला जात होता तेव्हा तो चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या दिशेने आणि चुकीच्या उंचीवर होतोय, असं नानांनी अकरा पत्रांतून कळवलं होतं. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, मेट्रोसाठी तो पाडायला घेतला. तेव्हा नाना घरात अडकले होते म्हणून बरं, नाहीतर त्यांनी पुलाला मिठी मारली असती. "भक्कम पूल होता हो," ते फोनवर सांगत होते. "दृष्ट लागली."

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडे म्हण आहे. नानांच्या गोठ्यात सगळ्या अशाच म्हशी. योजना जिवंत असते तोवर शिंगं उगारते, लाथा झाडते, रस्ता अडवते. गेली, की तिच्यासारखी दुभती दुसरी नाही.

आता, हे वळण नानांना शहरानेच लावलं, हेही मान्य केलं पाहिजे. १९८७ च्या विकास आराखड्यात पुण्याभोवती एक उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग आखलेला आहे, सुमारे छत्तीस किलोमीटरचा. त्याचं नाव एचसीएमटीआर. हे आद्याक्षरांचं नाव पाठ होईपर्यंत एक पिढी निवृत्त झाली. नानांच्या मुलीची शाळा, कॉलेज, लग्न, ग्रीन कार्ड सगळं उरकलं. वर्तुळ कागदावरच गोल आहे. २०१९ मध्ये त्याच्या निविदा निघाल्या आणि बारगळल्या. मेट्रोचं तरी काय? अहवाल २००९ च्या सुमाराचा, भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला, आणि पहिली गाडी वनाझहून गरवारे कॉलेजपर्यंत धावली ती ६ मार्च २०२२ ला. पाच किलोमीटर. एवढ्या अवधीत माणसाने मत बदललं नाही तरच नवल. नानांनी ते फक्त रीतसर, दोन प्रतींत बदललं.

नानांना खरं पाहावं ते जनसुनावणीत. सभागृहात पंखे जोरात आणि माइक हळू. सल्लागार कंपनीचा तरुण पडद्यावर निळ्या-पिवळ्या रेघा दाखवत 'रायडरशिप' आणि 'कॅचमेंट' म्हणत असतो. पहिल्या रांगेत ज्यांच्या वाड्यावरून रेघ जाते ते बसतात, दुसऱ्या रांगेत ज्यांच्या वाड्यावरून ती जात नाही म्हणून चिडलेले. पर्यावरणवाले नदीपात्राच्या नकाशाशेजारी. मेट्रो मुठेच्या पात्रातून न्यायची म्हटल्यावर प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं होतं, त्याची कागदपत्रं त्यांच्या मांडीवर. मंडळांचे कार्यकर्ते दाराशी उभे. लकडी पुलावरून मेट्रो गेली तर विसर्जनाच्या रथांनी कळस खाली करायचे का, हा त्यांचा प्रश्न, आणि तो २०२१ मध्ये इतका तापला होता की पुलावरचं काम काही काळ थांबलं होतं. अगदी मागच्या रांगेत पांढऱ्या शर्टातले दोन बिल्डर. ते कधीच बोलत नाहीत. मेट्रो स्थानकांभोवती पाचशे मीटरपर्यंत चार एफएसआय, हा विषय निघाला की फक्त मोबाइल उलटा ठेवतात.

मग नाना उठतात. "मी दोनच मुद्दे मांडणार आहे," ते म्हणतात, आणि जाणकार चहा घ्यायला बाहेर पडतात, कारण पहिल्या मुद्द्याला सात उपमुद्दे असतात. अधिकारी "लेखी द्या नाना" म्हणतात. नाना लेखी देतात. चाळीस कलमं, समास सोडून, 'सबब', 'उपरोक्त' आणि 'खेदाने नमूद करावे लागते' यांनी सजलेली. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. एवढ्या हरकती आल्या यात नानांना शहराचा मोठेपणा दिसतो. त्यांतल्या आपल्या किती, हे ते विनयाने सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात.

गंमत अशी, की त्या चाळीस कलमांत सत्ताविसावं कलम अचूक असतं. पहिल्या सव्वीसांत इतिहास, संस्कृती, पानशेतचा पूर आणि अधिकाऱ्याचं शुद्धलेखन. सत्ताविसाव्यात मात्र साधा प्रश्न असतो: जिना उतरल्यावर माणसाने जायचं कुठे? खाली फूटपाथ आहे का? असला तर त्यावर आधीच दुचाक्या चढलेल्या आहेत का? स्थानकापासून घरापर्यंत बस कुठली, दर किती मिनिटांनी? कोट्यवधींचा खांब उभा राहतो आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला माणूस रिक्षाच्या तोंडी सापडतो, हे नानांनी अहवाल निघाला तेव्हाच लिहून ठेवलं होतं. पण सत्ताविसाव्या कलमापर्यंत कुणी पोचत नाही. पोचायलाही काही व्यवस्था हवी.

पहिली मेट्रो निघाली त्या दिवशी नाना अर्थातच गाडीत होते. लोक खिडकीशी उभे राहून सेल्फी काढत होते आणि नाना टेपने दाराची रुंदी मोजत होते. "छान आहे," ते म्हणाले. सोबतचे दचकले. "पण पुण्याची खरी रेल्वे म्हणजे पेशवे पार्कातली फुलराणी. १९५६ साली सुरू झाली. तिच्यावर एकही हरकत आली नाही. का? ती कुठेच जात नाही. निघते तिथेच परत येते."

या सगळ्या म्हशींत नानांची सर्वांत लाडकी एक आहे, आणि ती तर पुण्याच्या गोठ्यात कधी नव्हतीच. ती म्हणजे ट्राम. लहानपणी नाना सुट्टीत दादरला मामाकडे जात. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे ते अजूनही समोरच्याला ठाऊक नसणार अशा खात्रीने सांगतात. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम, १९०७ ला विजेची, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची फेरी, या तारखा त्यांना मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ. पुण्यात ट्राम असती तर ना खांब, ना भुयार, ना एफएसआय. घंटा वाजवत दारात येणारी, फूटपाथवरून सरळ पाऊल टाकलं की आत.

त्यात त्यांचा भाचा झुरिचला. तिथे शहरभर ट्राम आहेत. नानांनी खोलात जाऊन माहिती काढली. १९६२ मध्ये त्या शहराने ट्राम जमिनीखाली घालायचं ठरवलं, तर नागरिकांनी मतदान करून ती योजना पाडली. १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा घाट घातला, तीही पाडली. म्हणून ट्राम वाचली, वाढली, आणि आज जग ती बघायला जातं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोनदा 'नाही' म्हणून सोनं झालेलं शहर! पण भाच्याने पुढे सांगितलं, की मतदान झालं, निकाल लागला की लोक आपापल्या कामाला लागतात, कुणी पुन्हा वाद घालत नाही. नाना बराच वेळ गप्प होते. मग हळहळून म्हणाले, "मग संध्याकाळचं करतात काय रे ती माणसं?"

तर परवा वॉर्डातल्या नागरिकांच्या बैठकीत अघटित घडलं. नगररचना शिकून आलेली एक मुलगी लॅपटॉप घेऊन उभी राहिली. दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो, याचे फोटो तिने दाखवले. मग म्हणाली, "वर्षातून एक दिवस जमतं, तर हळूहळू रोज का नको? खाजगी गाड्या बाहेर, मधून ट्राम. मंडई स्थानकाला जोडून. माझ्या अहवालात तसा प्रस्ताव घालते आहे."

सगळ्यांनी वळून नानांकडे पाहिलं. साठ वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो उगवला होता. नाना सावकाश उठले. चष्मा पुसला.

"बाळ, चांगलं काम केलं आहेस. पण दोनच मुद्दे. ट्रामला वर तारा लागतात. लक्ष्मी रस्ता म्हणजे विसर्जनाचा मार्ग. रथ कुठून न्यायचे? रूळ रस्त्यात. पावसात स्कूटरचं चाक त्या फटीत गेलं, तर? दसऱ्याच्या खरेदीला ट्राम गर्दीत अडकली, तर तिला मागे घेणार कोण? दुकानांचा माल कधी उतरणार? शिवाय अरुंद रस्ता, जुने वाडे, हादरे." ते घोटभर पाणी प्यायले. "आणि मी म्हणतो, मेट्रो काय वाईट आहे? खाली शांतपणे जाते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती 'मुठा', 'मुळा', 'पवना' नावाची भुयार खोदणारी यंत्रं पेठांच्या पोटातून गेली, कुणाच्या घरातला पेला तरी पडला का?"

पेला पडल्याची तक्रार नानांच्याच फाइलीत होती, पण ती काढायला लावण्याइतकं निर्दय कुणी नव्हतं.

मुलगी शहाणी निघाली. तिने सगळे मुद्दे टिपून घेतले, लॅपटॉप मिटला आणि नम्रपणे म्हणाली, "पटलं काका. नकोच मग. ट्रामचा प्रस्ताव अहवालातून वगळते."

खोलीत क्षणभर शांतता. नानांचा हात पिशवीत गेला.

"वगळतेस?" ते म्हणाले. "कुणाला विचारून? एवढी दूरदृष्टीची योजना, लोकांना न विचारता परस्पर गुंडाळायची? जाहिरात दिलीत का? मुदत दिलीत?"

आणि कार्बन नीट लावून त्यांनी पहिली ओळ लिहायला घेतली: 'विषय – लक्ष्मी रस्त्यावरील नियोजित ट्राम मार्ग रद्द करण्यास तीव्र हरकत.'