अडनिड्या वयाचं कपाट

आमच्या आणि वहिनींच्या घरामधली कंपाउंडची भिंत कमरेएवढी आहे. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या आणि आमची सोय केली. तिच्यावर आजवर ताकाचे तांबे, लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका आणि सातारा शहरातल्या निम्म्या बातम्या ठेवून झाल्यात. परवा मी माहेराहून, म्हणजे सांगलीहून आणलेला भडंगाचा डबा ठेवला, तर वहिनींनी झाकणसुद्धा उघडलं नाही. म्हटलं, काहीतरी बिनसलंय.

"काय झालं हो?"

"नवा पोरगा लागलाय आमच्याकडं," वहिनी म्हणाल्या. "पदवी आहे, ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केलाय, कॉम्प्युटरवर बोटं अशी पळतात. आणि पहिल्याच दिवशी आठवीतल्या दोन पोरींना हाकललं."

"का?"

"हसत होत्या म्हणून."

वहिनी एका वाचनालयात निर्गम सहाय्यक आहेत. साध्या भाषेत, पुस्तक देणारी-घेणारी बाई. बावीस वर्षं झाली. वाचनालयाचं नाव सांगणार नाही, कारण वहिनींना अजून तिथं नोकरी करायचीय.

"हसल्या तर काय बिघडलं? कोण होतं तिथं?"

"अभ्यासिकेतली पोरं होती की. एमपीएससीची. ती सकाळी सातला जागा धरतात ती रात्रीच उठतात. त्यांना पान उलटल्याचा आवाज चालत नाही. वाचनालय आता त्यांचं झालंय, बाई. म्हाताऱ्यांना पेपर, त्यांना टेबल, लहानग्यांना चित्रांची पुस्तकं. मधल्यांना काय? मधल्यांना दरवाजा."

समोरच्या काकू दळण घेऊन चालल्या होत्या, त्या डबा खाली ठेवून थांबल्या. दळण थांबू शकतं. "मधले म्हणजे कोण गं?"

"बारा ते सतरा. अडनिडी. बाल विभागात बसवावं तर गुडघे टेबलाला लागतात, आणि मोठ्यांच्या कपाटाशी गेली की आम्हीच ओरडतो."

हे मात्र खरं आहे. मी तेरा वर्षांची असताना एका वाचनालयात मोठ्यांच्या कपाटाला हात लावला होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "घरी माहीत आहे का?" पुस्तक होतं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. माडगूळ्याचा माणूस, आमच्याच जिल्ह्यातला, गोष्ट धनगरांची आणि मास्तरांची. त्यात घरी न सांगण्यासारखं काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या दिवसानंतर दोन वर्षं मी त्या दारात गेले नाही, हे कळलेलं आहे.

"त्या गृहस्थांना तरी कुणी शिकवलं होतं?" वहिनी म्हणाल्या. आता झाकण उघडलं होतं. "आम्हाला वर्गात काय शिकवलं सांगू? दाखल नोंद कशी करायची. तालिका पत्र कसं लिहायचं. पुस्तकांच्या वर्गवारीचे ड्यूईचे आकडे. मराठी साहित्य 891.46, झोपेत विचारा. दंड किती, अनामत किती, निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक यादीतून काढून टाकायचा, ठराव कसा मांडायचा. तेरा वर्षांचं पोर समोर येऊन गप्प उभं राहिलं तर काय करायचं, हे एका तासालासुद्धा नव्हतं."

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याच्या जोरावर गावोगाव वाचनालयं उभी राहिली, आज राज्यात ती हजारोंनी आहेत. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान, अनुदानाप्रमाणे तपासणी. तपासणीला साहेब आले की पुस्तकं मोजतात, सभासद मोजतात, रजिस्टरं बघतात. कोण दारातून परत गेलं, ते कुठल्या रजिस्टरात लिहायचं? 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, जिल्हा नगर वाचनालयातली पुस्तकं भिजली, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. मीही रडले. पण पोरं वाचनालयात येईनाशी झाली त्याला पूर नव्हता लागत. ती एकेक करून गेली, आणि हळहळायला कुणी नव्हतं.

"मोबाइल," काकू म्हणाल्या. काकूंचा सगळ्या रोगांवर हाच एक काढा.

"मोबाइल कालचा, काकू. आम्ही ह्यांना हाकलतोय कधीपासनं."

मग मी माझं हुकमी पान टाकलं. माझी पुतणी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकते. तिनं मला एक गोष्ट सांगितली होती, ती मी या भिंतीसाठीच राखून ठेवली होती. अमेरिकेत बाल्टिमोर गावात इनॉक प्रॅट नावाचं मोठं सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथं 1932 मध्ये मार्गारेट एडवर्ड्स नावाच्या बाई लागल्या. आधी त्या शाळेत लॅटिन शिकवायच्या. त्यांच्याकडं ह्याच अडनिड्या पोरांचा विभाग आला आणि तो त्यांनी तीस वर्षं सांभाळला. त्यांच्या हाताखाली कुणी नवीन आलं की बाईंचं एकच म्हणणं: आधी 300 पुस्तकं वाच. या पोरांना आवडतील अशी. मग माझ्याशी बसून त्यावर बोल. आणि नुसतं आवडलं-नाही आवडलं नाही, कुठल्या पोराला देशील ते सांग.

"तीनशे!" काकूंनी दळणाचा डबा कडेला सरकवला.

"आणि युद्धाच्या काळात घोडागाडीत पुस्तकं भरून वस्त्यांमधनं हिंडल्या."

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घोडागाडीचं राहू द्या. आमच्या समितीला सांगते तीनशे पुस्तकांचं. म्हणतील, पगार कामाचा घेता का वाचायचा?"

पगाराचं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही माणसं आळशी आहेत. खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 30 हजार अनुदान मिळायचं. 2022 मध्ये ते साठ टक्क्यांनी वाढवलं, म्हणजे 48 हजार झालं. वर्षाला, महिन्याला नव्हे. त्यातलं निम्मं पगाराला. बारानं भागा. दोन हजार रुपयांत कुलूप उघडणारा, झाडणारा, नोंदी करणारा आणि बंद करणारा तो एकच माणूस असतो. त्याला वर किशोरवयीन मानसशास्त्र शिका म्हणायला मला तरी जीभ उचलत नाही. वहिनींचं वाचनालय मोठं, 'ब' वर्गाचं, तरी त्यांच्या घरात गॅसची टाकी भावजींच्या पगारातनंच येते.

"पण वहिनी, भिलार?"

भिलारचं नाव काढलं की साताऱ्याच्या माणसाची मान ताठ होते. 4 मे 2017 ला भिलार देशातलं पहिलं पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायचा नमुना समोर होता. तिथं पुस्तकांची दुकानं, इथं मात्र स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांची घरं. 25 ठिकाणी सुरुवात झाली, एका घरात कथा, दुसऱ्यात संतसाहित्य, तिसऱ्यात बालसाहित्य. पुढं ही योजना सांगली जिल्ह्यातही गेली, पलूस तालुक्यातल्या अंकलखोपला, औदुंबरच्या शेजारी. म्हणून या विषयावर सातारा-सांगली असं भांडण आम्ही करत नाही. भांडायला पेढे आणि भडंग आहेत.

"भिलारला काय होतं सांगते," वहिनी म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचरांना नेलं होतं. घरमालकीण स्वयंपाकघरात. पोरं कपाटाशी. ती त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती. पोरगं ओट्यावर आडवं होऊन वाचत होतं, पाय भिंतीला लावून. दोन तास! तिथं त्या बाईला कुणी ग्रंथालयशास्त्र शिकवलेलं नाही. तिला फक्त माहीत होतं, घरी आलेल्या पोराला डोळ्यानं ढोसायचं नसतं."

"मग तुमच्या नव्या पोराला तेच शिकवा की."

"शिकवतेय."

आणि हे त्यांनी कसं शिकवलं ते ऐकण्यासाठी काकूंनी शेवटी डबा उचलून सरळ आमच्या अंगणात आणला.

वहिनींनी त्याला पहिला आठवडाभर फक्त दोन वाक्यं बंद केली. 'कितवीत आहेस?' आणि 'किती टक्के पडले?' तो म्हणाला, मग बोलू काय? वहिनी म्हणाल्या, नको बोलूस. परत आलेली पुस्तकं लाव. पोरं आपोआप तुझ्या हाताकडं बघतील. परत आलेलं पुस्तक नेहमी नव्या पुस्तकापेक्षा चांगलं वाटतं, कारण कुणीतरी ते नेलं होतं.

मग त्याला वाचायला लावलं. तीनशे नाहीत, महिन्याला चार. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्यानं वाचलेलाच नव्हता, 2017 चा सिनेमा तेवढा पाहिला होता. बनेश फेणे फुरसुंगीचा, हे त्याला वाचून कळलं आणि तो दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना सांगत सुटला. भयकथावाले नारायण धारप दिले. तो म्हणाला, "हे? पोरांना? घाबरतील." वहिनी म्हणाल्या, "घाबरायलाच मागतात ती." बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, ते कॉम्प्युटरवर लावून ठेवायचं काम त्याचं. त्यात त्याची बोटं उपयोगी पडली.

"आणि त्या दोन पोरी?"

इथं वहिनींचा आवाज खाली आला. काकू आणखी जवळ सरकल्या.

त्या दोघींतली एक पुन्हा आली, एकटी. आरोग्याच्या कपाटापाशी बराच वेळ घोटाळली. मग एक पुस्तक काढलं, ते एका जाड प्रवासवर्णनात घातलं आणि काउंटरवर आणलं. वयात येणाऱ्या मुलींच्या शरीराविषयीचं साधं पुस्तक. आमच्या वाचनालयांमध्ये रीत अशी की देणारा पुस्तकाचं नाव मोठ्यानं म्हणतो आणि लिहितो. मागं रांगेत दोन पुरुष उभे. आणि काउंटरवर नवा पोरगा.

"मी आतनं बघतेय, पोचायला वेळ नाही. म्हटलं, आता हा वाचतो नाव." वहिनींनी भिंतीवर हात ठेवला. "त्यानं पुस्तक उघडलं, नाव बघितलं, बंद केलं. पालथं ठेवलं. म्हणाला, दाखल नंबर तूच लिही गं, माझा पेन चालत नाही."

"पेन चालत नव्हता?"

"खिशात तीन होते."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. काकू मालिकेलाही रडतात, तरी.

असं कुठल्या अभ्यासक्रमात येईल का, यावर मग आमची बरीच खडाजंगी झाली. माझं म्हणणं, यावं. टाटा ट्रस्टच्या 'पराग'नं ग्रंथालयात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स काढलाय, गोव्यात पणजीचं 'बुकवर्म' 2005 पासून हेच काम करतंय, म्हणजे हे शिकवता येतं असं मानणारे लोक आहेत. मग आमच्या जिल्ह्यांच्या प्रमाणपत्र वर्गात आठ दिवस तरी याला का नकोत? वहिनींचं म्हणणं, आठ दिवस द्याल तर त्यातले सहा भाषणात जातील, दीपप्रज्वलनाचा अर्धा दिवस वेगळा. त्यापेक्षा नव्या माणसाला महिनाभर जुन्या माणसाशेजारी बसवा. मी म्हटलं, आणि जुना माणूस 'घरी माहीत आहे का' विचारणारा निघाला तर? त्यावर वहिनींकडं उत्तर नव्हतं. भडंग मात्र संपलं होतं.

जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्या माळ्यावर फास्टर फेणे पडलेत ना तुमच्या मुलाचे? द्या की. कपाट केलंय मी. जिन्याखाली, अभ्यासिकेपासून लांब. तिथं हसलं तरी चालतं."

मी अकरा पुस्तकं दिली, भिंतीवरूनच. काल वहिनी सांगत होत्या, त्यातली चार परत आलेली नाहीत आणि समितीत निर्लेखनाची चर्चा आहे. मी म्हटलं, माझी तक्रार नाही. माळ्यावर अजून सात आहेत.